दुसरा नंबर मागू नये

सदुसष्ट सालापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं पुण्यात ज्यांनी पूर्ण कवळी बसवून घेतली, त्यांच्यातले निदान निम्मे लोक हुस्नबानूच्या दातांनी हसायचे.

त्यांना हे माहीत नव्हतं. पेन्शनीत निघालेले मामलेदार, दोन कीर्तनकार, संस्कृतचे एक नामांकित प्राध्यापक, सगळे वरच्या सहा दातांपुरते घोरपडे पेठेतल्या एका मणियाराच्या बायकोचे सख्खे नातलग होते. हे बाहेर फुटलं असतं तर त्या काळच्या सदाशिव पेठेत काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा. मकबूल मणियारला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण हा उद्योग त्यानंच केला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. त्याच्या धंद्यात तोंड उघडायचं काम दुसऱ्याचं असतं.

मणियार मूळचे बांगड्यांचे. मकबूलच्या वडलांचं बोहरी आळीच्या तोंडाशी दुकान होतं. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, हाड न दुखवता दाबायचा आणि काच न मोडता बांगडी चढवायची, हे घराण्याचं कसब. ते मकबूलला आलं, पण दुकान थोरल्या भावाकडं गेलं. मग हा सदाशिव पेठेत डॉ. गोपाळकृष्ण पोंक्षे यांच्या दाताच्या दवाखान्यात नोकरीला लागला. पुढच्या खोलीत डॉक्टर दात उपटायचे, मागच्या खोलीत मकबूल प्लॅस्टर आणि मेण घेऊन कवळ्या करायचा. माप पाहायचं आणि वस्तू बसवायची, काम तेच होतं. हाताच्या जागी तोंड आलं, इतकंच.

दात त्या वेळी विलायतेहून यायचे. मेणाच्या पट्टीवर सहा-सहा टोचलेले, कापसात गुंडाळलेले. पोंक्ष्यांच्या कपाटात तेवीस मापं होती आणि नऊ रंग. पुढं सरकारला परकीय चलन वाचवायचं होतं म्हणून आयात आवळली गेली. परवाना मागा, परवान्यासाठी अर्ज करा, अर्जासाठी शिफारस आणा. धरणं आणि कारखाने दातांपेक्षा महत्त्वाचे, हे कुणीही मान्य केलं असतं. फक्त ज्यांच्या तोंडात दात नव्हते त्यांना ते धड बोलून मान्य करता येत नव्हतं.

त्यातल्याच एक सरोजिनीबाई भडभडे. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वय पंचेचाळीस. पायरियानं सगळे दात गेले आणि कपाट रिकामं. चौदा महिने त्या बिनदाताच्या शाळेत गेल्या. 'शिस्त' हा शब्द त्यांना म्हणता येईना, आणि मुख्याध्यापिकेला तोच शब्द दिवसातून वीस वेळा लागतो. मुली पदर, वही, पाटी, जे हाताला येईल ते तोंडाला लावून हसायच्या. एकदा बाई दवाखान्यात आल्या, खुर्चीत बसल्या आणि एक शब्द न बोलता रडल्या. मकबूलनं मागच्या खोलीतून ते पाहिलं आणि त्या दिवशी ठरवलं, दात आपणच करायचे.

पण नक्कल करायला नमुना पाहिजे. मकबूलचे स्वतःचे दात पानानं लाल, डॉक्टरांचे पुढं आलेले. घरी हुस्नबानू होती, बावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिचे दात एका रांगेत होते. फक्त वरचा, डाव्या बाजूचा दुसरा दात किंचित वळून शेजारच्यावर रेललेला. मकबूलनं तिच्या तोंडात कोमट मेणाचा गोळा दाबला. तिला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आठ दिवस बोलणार नाही असं तिनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बोलली. तोवर याचा साचा तयार झाला होता. तो वळलेला दात मात्र मकबूलनं प्लॅस्टरच्या नमुन्यावर कानशीनं घासून सरळ करून टाकला. गिऱ्हाईक म्हणेल, विकतचा दात घ्यायचा आणि तोही वाकडा?

सरोजिनीबाईंना पहिली कवळी बसली. त्या आरशात पाहून म्हणाल्या, "शिस्त." मग पुन्हा एकदा म्हणाल्या. डॉक्टर पोंक्षे आयुष्यात कुणाचं कौतुक करणारे नव्हते, ते म्हणाले, "ठीक आहे." मकबूलला हा शब्द जन्मभर पुरला.

डॉक्टरांनी दवाखान्यात पाटी लावली: 'दात एकाच मापात व एकाच रंगात मिळतात. दुसरा नंबर मागू नये.' लोक मागत नसत. दुसरा नंबर मिळणारच नव्हता तर मागून काय करणार?

हळूहळू दुसरे डॉक्टर दात मागायला लागले. मकबूलनं घोरपडे पेठेत पत्र्याची एक लांब खोली घेतली, साचे वाढवले आणि हाताखाली बायका घेतल्या. काशेवाडीची मंदाकिनी सर्वांत जुनी, बहात्तर सालापासूनची. बोटाच्या पेरावर दात ठेवून ती नुसत्या नखानं सांगायची की कुठं खडबड राहिलीय. पुढं पुढं अकरा बायका झाल्या. मकबूलला या खोलीचा अभिमान होता आणि तो रास्त होता. जिथं काही नव्हतं तिथं त्यानं काहीतरी उभं केलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती मकबूलनं स्वतःलाच बरीच वर्षं सांगितली नाही. नंबर दोनचं चित्र त्यानं एकाहत्तर सालीच काढून ठेवलं होतं. निमुळत्या चेहऱ्यासाठी बारीक दात. रंगसुद्धा दुसरा करायचा होता, वयस्कर माणसाला शोभेल असा, जरा पिवळसर. पुढच्या वर्षी करू, म्हणाला. मग त्याच्या पुढच्या वर्षी. तीस वर्षं गेली. मकबूल आळशी नव्हता, सकाळी आठला खोली उघडायचा. पण नंबर एक संपून जायचा, मग नंबर दोन करायचा कुणासाठी? हे दात सात-आठ वर्षांत घासून सपाट व्हायचे आणि लोक नवी कवळी करायला परत यायचे. मकबूल याला बरकत म्हणायचा.

दोन हजार एक साली आयातीवरची बरीच बंधनं उठली आणि बाहेरचे दात आले. चीनचे होते, आणखी कुठले कुठले होते. पट्टीवर सहा-सहा, मेणात टोचलेले, अगदी पूर्वीसारखे. सोळा रंग आणि मापं इतकी की कार्डाची घडी उलगडावी लागायची. किंमत मकबूलच्या निम्मी. चार महिन्यांत त्याची मागणी अर्ध्यावर आली, सहाव्या महिन्यात साचे आठवड्यातून तीन दिवस थंड राहायला लागले.

एका मंगळवारी येरवड्याचा संपत गलांडे आला. त्याचाही दातांचाच कारखाना, मकबूलपेक्षा पाचपट मोठा. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. वर लिहिलं होतं: 'देशी कृत्रिम दंत उद्योगास संरक्षण मिळणेबाबत.'

"चाचा, दिल्लीला निवेदन चाललंय," संपत म्हणाला. "बाहेरच्या दातावर शंभर टक्के शुल्क लावा, अशी मागणी हाय. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. पहिली जागा मोकळी ठेवलीय. ती तुमची. देशात पहिला दात कुणी केला? तुम्ही. तुमची सही नसली तर मंत्री म्हणतील, जुना माणूस का नाही यात?"

"शुक्रवारी घेऊन जा," मकबूल म्हणाला. "नीट वाचतो, मग करतो."

"वाचायचं काय त्यात? या अकरा बायकांच्या चुली हायेत बघा त्यात."

खोट्या बोलण्याला एक बरं असतं, ते झटकता येतं. संपत खरं बोलत होता. अकरा बायका तिथंच बसल्या होत्या, साच्यावरच्या माना वर न करता ऐकत होत्या. मकबूलनं कागद घडी करून खिशात ठेवला. सही करायचं त्याच्या मनात ठरलंच होतं.

त्या दिवशी तो घरी लवकर गेला, कारण त्याच्या पिशवीत एक वस्तू होती आणि तिच्यासाठी तो सहा महिने थांबला होता.

हुस्नबानू छप्पन्न वर्षांची झाली होती. साखरेच्या आजारानं तिचे दात एकेक करून हलले. तो रेललेला दात सर्वांत आधी गेला, आठ वर्षांपूर्वी. शेवटचे चार गेल्या हिवाळ्यात काढले. हिरड्या भरून यायला वेळ लागला, तोवर ती भाकरी दुधात कुस्करून खायची आणि कुणी आलं की ओढणी तोंडावर घ्यायची. मकबूलनं तिचं माप घेऊन नंबर एकची कवळी केली होती. इतकी वर्षं सगळ्या पुण्याला वाटलेले दात आज ज्याचे त्याला परत करायचे होते. त्यानं ती लाल मखमलीच्या डबीत ठेवली होती. त्याच्या वडलांच्या दुकानात नव्या नवरीच्या बांगड्या अशाच डबीतून जायच्या.

हुस्नबानूनं कवळी बसवली, भिंतीवरच्या आरशाकडं गेली आणि बराच वेळ तिथं उभी राहिली.

"ये किसके दाताँ हैं जी?"

"तेरेच."

हुस्नबानूची एक तऱ्हा होती. ती चिडली की दखनीत बोलायची आणि फार चिडली की शुद्ध मराठीत. नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर काढलेली बाई होती ती. तिनं कवळी काढून डबीत ठेवली.

"माझे नाहीत हे," ती म्हणाली. "हे बावीस वर्षांच्या पोरीचे आहेत. या चेहऱ्यावर ते असे दिसतात, की कुणी म्हणेल म्हातारीनं उसने आणले. आणि माझा वाकडा दात कुठं आहे?"

मकबूलला काही क्षण कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. त्यानं कानस चालवली होती तो दिवस तो साफ विसरला होता. चौतीस वर्षं तो ज्याला त्याला मनातल्या मनात हुस्नचे दात देत होता, आणि ते हुस्नचे नव्हतेच.

"मी पद्मजाकडं जाऊन आले," हुस्नबानू पुढं म्हणाली. पद्मजा म्हणजे पोंक्षे डॉक्टरांची मुलगी. वडलांच्या मागं तीच दवाखाना चालवत होती. "तिनं मला कार्ड दाखवलं. एक रंग आहे त्यात, पिवळसर. जरा झिजल्यासारखे दात आहेत, माझ्या वयाचे. मला ते पाहिजेत."

"ते बाहेरचे आहेत," मकबूल म्हणाला.

"दात बाहेरचे असतील. तोंड माझं आहे ना?"

"लोक काय म्हणतील? मणियारच्या बायकोनं चीनचे दात लावले?"

"लोकांना काय दिसणार आहे? शिक्का थोडाच असतो दातावर." मग तिनं त्याच्या खिशातून डोकावणारा कागद पाहिला आणि काढून वाचला. हळूहळू, ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात लिहिलंय संरक्षण. कुणापासून?"

"चीनपासून."

"चीन काय तुमच्या खोलीत येऊन साचे फोडतोय? तो दात विकतोय आणि मी घेतेय. मी घेतेय म्हणून तुमचे खपत नाहीत. म्हणजे हा कागद माझ्यापासून वाचवा म्हणून आहे. माझ्यापासून आणि माझ्यासारख्या बायकांपासून." तिनं घडी घालून कागद परत त्याच्या खिशात खोचला. "करा सही. मी भाकरी कुस्करून खाईन."

मकबूलला राग आला. खूप आला. बायको तोंडावर खरं बोलली की येतो तसा. तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो सदाशिव पेठेत गेला तो भांडायलाच. पद्मजानं माझ्या बायकोला परस्पर कार्ड दाखवावं? दवाखान्यात शिरला तर खुर्चीत सरोजिनीबाई भडभडे. वय एकोणऐंशी, काठी बाजूला टेकवलेली, आणि हातात रंगांचं ते कार्ड. कार्डावरचा एकेक दात त्या खिडकीच्या उजेडाला धरून पाहत होत्या. इतक्या तन्मयतेनं बायका साडीचा काठसुद्धा पाहत नाहीत.

"या मकबूल," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना त्यांनी नेहमीसारखा हात तोंडावर घेतला. बाईंची ही सवय मकबूलला चौतीस वर्षं माहीत होती. बाई फार विनयशील आहेत असं तो कौतुकानं सांगायचा.

"बाई, तुमचा सेट तर दोनच वर्षांपूर्वी केला होता ना?"

"पाचवा सेट होता तो. पाचही सारखे." बाईंनी हात खाली घेतला. त्यांचा चेहरा निमुळता, जिवणी लहान, आणि त्यात नंबर एकचे रुंद दात. मकबूलनं ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू तेव्हा मला बोलतं केलंस, ते मी विसरलेले नाही. उपाशी माणसाला भाकरी दिलीस. पण म्हणून जन्मभर तीच शिळी खायची का रे? हे दात मला मोठे होतात. घोड्यासारखी दिसते म्हणून मी हसताना हात धरते. कधी बोलले नाही, कारण ती पाटी होती."

एकाहत्तर सालचं ते निमुळत्या चेहऱ्याचं चित्र मकबूलनं काढलं होतं ते याच बाईंना डोळ्यांसमोर ठेवून.

बाई गेल्यावर तो बाकावर बसून राहिला. भांडण करायचं राहूनच गेलं. पद्मजानं चहा सांगितला.

"चाचा, रागावलात?"

"तुझ्यावर नाही."

"मग एक सांगू? बाबांच्या वेळी कवळी कोण करायचं? पेन्शनर. आता काल मंडईतली भाजीवाली आली होती. परवा रिक्षावाल्याची आई. दात स्वस्त झाले म्हणून नवी तोंडं आली. पूर्वी मी महिन्याला चार कवळ्या करायची, आता अकरा होतात. आणि त्या बसवायला माणूस मिळत नाही. दात पेटीत येतात हो, पण हिरडी काही पेटीत येत नाही. प्रत्येकाची वेगळी. मेणावर एकेक दात लावणारा हात पाहिजे. पुण्यात असे हात किती आहेत? तुमचे दोन."

घोरपडे पेठेपर्यंत मकबूल चालत गेला. बस मिळत होती, पण त्याला चालायचं होतं. वाटेत त्यानं खिशातला कागद काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. मागणी क्रमांक एक, बाहेरच्या दातांवर शंभर टक्के शुल्क लावावं. मागणी क्रमांक दोन, दात बनवण्याची पावडर बाहेरून येते, तिच्यावरचं शुल्क पूर्ण माफ करावं. मकबूल रस्त्यातच थांबला आणि मोठ्यानं हसला. एक सायकलवाला वळून पाहत गेला.

म्हणजे संपतला बाहेरचं स्वस्त पाहिजे होतं. त्याला नको होतं ते भाजीवालीनं बाहेरचं स्वस्त घेणं. आणि उद्या देशातल्या एखाद्या पावडरवाल्यानं असाच कागद केला तर संपतच दिल्लीला धावत जाणार होता, ओरडत, की आमचा गळा दाबला. प्रत्येकाला आपल्या दारापुरती भिंत पाहिजे आणि बाकीच्या गावाला मोकळा रस्ता. मकबूलनं स्वतःकडं पाहिलं तर तोही त्याच भिंतीच्या सावलीत तीस वर्षं बसला होता. ती भिंत त्यानं बांधली नव्हती, हे खरं. पण तिच्या सावलीत झोप छान लागली होती, हेही खरं. त्या झोपेची किंमत सरोजिनीबाईंनी हसताना हात धरून दिली होती. असे हात पुण्यात किती असतील, ते कोणी मोजलेलं नव्हतं. अकरा बायका मोजता येत होत्या, कारण त्या एका खोलीत बसत होत्या.

त्या अकरा बायकांचं काय करायचं, हे मात्र त्याला घरी पोचेपर्यंत पुरतं सुचलं नव्हतं. अर्धं सुचलं होतं. अर्ध्यावर त्यानं पाऊल टाकायचं ठरवलं आणि एकदा ठरवल्यावर तो मागं फिरला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं बायकांना साचे बाजूला ठेवायला सांगितलं.

"आपण दात करणं बंद करणार आहोत," तो म्हणाला. "आजपासून बाहेरचे दात आणायचे आणि कवळ्या लावायच्या. हे काम जास्त कठीण आहे आणि जास्त किमतीचं आहे. मी शिकवतो. सहा महिने लागतील. सहा महिने पगार चालू राहील, मी वडलांच्या दुकानातला माझा वाटा भावाला विकतोय. ज्यांना जमेल त्यांना जन्माचं काम आहे. सगळ्यांना जमेलच असं मी सांगत नाही. खोटं बोलणार नाही."

आधी मंदाकिनी बोलली. "चाचा, माझे डोळे गेलेत. मी नखानं काम करते. मेणावर दात लावायला डोळे लागतात. मला नाही जमायचं, आणि ते तुम्हाला माहितीय."

"माहितीय," मकबूल म्हणाला.

तेवढ्यात संपत आला. त्याला पाहून मंदाकिनी उठली. "तो कागद घेऊन आलात ना? चाचा, सही करा. दोन-चार वर्षं तर निभतील. तोवर मी साठीला टेकते." हे ती सगळ्यांदेखत, हात जोडून म्हणाली.

एकोणतीस वर्षं तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. मकबूलनं कागद खिशातून काढला. मग तो कागद सही न करता संपतच्या पुढं सरकवला.

"माझी सही नको त्यावर."

"आवं चाचा, ही बाई बघा तरी!"

"बघतोय. तिला मी तोंडावर नाही म्हणतोय, संपत, आणि ते मला आयुष्यभर पुरेल. पण मी सही केली तर ज्यांना नाही म्हणायचं ती माणसं मला दिसणारसुद्धा नाहीत. भाजीवाली आहे, रिक्षावाल्याची आई आहे. माझी बायको आहे. त्यांच्या तोंडातला दात महाग करून मी माझी खोली चालवू? पहिला दात मी केला तो चौदा महिने एका बाईला दात मिळत नव्हता म्हणून. आता मिळतोय, तर मी आडवा पडू?"

"देशाचा धंदा बुडवताय तुम्ही."

"मग क्रमांक दोन खोडून आण. पावडर पण देशातली घे, महाग पडेल ती. आण खोडून, मग बोलू."

संपतनं कागद उचलला आणि गेला. पहिली जागा रिकामी ठेवूनच निवेदन दिल्लीला गेलं म्हणे.

मंदाकिनी त्याच दिवशी गेली. मकबूल दोनदा काशेवाडीत जाऊन आला, पॉलिशचं काम देतो म्हणाला. तिनं चहा दिला आणि नाही म्हणाली. पुढं एका बालवाडीत तिला काम लागलं, निम्म्या पगाराचं. रस्त्यात भेटली तर बोलायची, पण चाचा म्हणायची नाही. 'मणियारशेठ' म्हणायची. मकबूलला दर वेळी ते लागायचं आणि लागावं असंच त्याला वाटायचं. उरलेल्या दहांपैकी तिघींना काम जमलं नाही, त्या गेल्या. सातजणी शिकल्या. वर्षभरात पद्मजासकट नऊ दवाखान्यांचं काम त्या खोलीत यायला लागलं.

बाहेरच्या दातांची त्या खोलीतली पहिली कवळी मात्र सुरुवातीलाच मकबूलनं स्वतः लावली आणि दहाही जणींना भोवती बसवून लावली. दात कार्डावरचे, पिवळसर, जरा झिजल्यासारखे. वरच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या दातापाशी तो थांबला. नमुना कुठंच नव्हता. प्लॅस्टर त्यानं स्वतःच घासून टाकलं होतं आणि लग्नाच्या फोटोत हुस्नबानूनं तोंड मिटलेलं होतं. डोळे मिटून तो थोडा वेळ बसला. मग मेण गरम करून त्यानं तो दात किंचित वळवला. पाहिलं, काढला, पुन्हा वळवला. तिसऱ्यांदा शेजारच्या दातावर जरा रेलू दिला.

"चाचा, वाकडा झाला की," एक पोरगी म्हणाली.

"झाला नाही. केला."

घरी त्यानं ती पुन्हा लाल डबीतूनच दिली. हुस्नबानूनं बसवली, पण आरशाकडं गेली नाही. आधी जीभ फिरवली, उजवीकडून डावीकडं. डावीकडं आल्यावर जीभ थांबली.

"हा वाकडा आहे," ती म्हणाली.

"हो."

"चीनवाल्यांनी पाठवला असा?"

"त्यांनी सरळच पाठवला होता."

ती हसली. तोंडावर ओढणी न घेता, सगळे दात दिसतील अशी. हे हसू मकबूल आठ वर्षांनी पाहत होता. त्यालाही हसायचं होतं, पण डोळे भरून आले.

मग हुस्नबानूनं फळीवरचा शेंगदाण्यांचा डबा काढला, मूठभर दाणे घेतले आणि चूल सोडून दारात जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं पाहत एकेक दाणा चावून खात राहिली.